चवीला परवाना किती वर्षांचा?

खास प्रतिनिधी

बटाट्याच्या वेफर्सना, सूपला किंवा सॉसला लाकडाच्या धुराचा खमंग वास देणाऱ्या आठ स्वादद्रव्यांच्या परवान्यांचे नूतनीकरण करायचे नाही, या प्रस्तावावर युरोपीय महासंघाच्या सदस्य देशांनी २४ एप्रिल २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले. ही स्वादद्रव्ये पेशीतील डीएनएला इजा करू शकतात, ही शक्यता तज्ज्ञांना फेटाळता आली नव्हती. भारतात त्या वेळी लोकसभा निवडणुकीची धामधूम होती. त्यामुळे दूरदेशीच्या वेफर्सची ही बातमी इथे फारशी चर्चिली जाण्याचे कारणही नव्हते. मात्र या निर्णयाचे खरे महत्त्व वेफर्समध्ये नाही, तर तो ज्या रीतीने झाला त्यात आहे.

कुठल्या रुग्णालयातून तक्रार आली म्हणून हा निर्णय झालेला नाही, किंवा कुणी न्यायालयात गेले म्हणूनही नाही. परवान्याची दहा वर्षांची मुदत संपत आली होती, आणि मुदत संपताना पदार्थाची नव्याने तपासणी करावी असे कायद्यातच लिहिलेले होते. ती तपासणी झाली आणि जे दहा वर्षांपूर्वी चालले ते आता चालेनासे झाले. अन्नातील रसायनांना एकदा दिलेली परवानगी ही कायमची मानायची की ठरावीक काळापुरती, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला आहे. पाकीटबंद खाद्यपदार्थांची बाजारपेठ झपाट्याने वाढत असलेल्या आपल्या देशालाही त्याचे उत्तर द्यावेच लागणार आहे.

बाटलीबंद धूर

मांस, मासे व चीज धुरावर धरून टिकवण्याची पद्धत जगभर प्राचीन आहे. कारखानदारीच्या युगात तिला सोपा पर्याय निघाला. कमी हवेत लाकूड जाळायचे, निघालेला धूर थंड करून द्रवात उतरवायचा, त्यातील डांबर वेगळे काढायचे आणि उरलेला अर्क पदार्थात मिसळायचा किंवा त्यावर फवारायचा. भट्टीशिवाय भट्टीची चव मिळवण्याचा हा मार्ग पारंपरिक धुरापेक्षा आरोग्याला अधिक चांगला मानला जात होता. धुरातील बेन्झोपायरीन हे कर्करोगकारक रसायन शास्त्रज्ञांना चांगलेच परिचित होते आणि डांबराबरोबर ते बरेचसे काढून टाकता येत होते. युरोपने २००३ मध्ये या अर्कांसाठी स्वतंत्र कायदा केला, तेव्हा बेन्झोपायरीनची कमाल मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम अशी घालून दिली. त्या कायद्यानुसार दहा मूळ अर्कांना १ जानेवारी २०१४ पासून दहा वर्षांसाठी मान्यता मिळाली.

त्यांपैकी आठ अर्कांच्या नूतनीकरणासाठी कंपन्यांनी अर्ज केले. दरम्यान, युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजेच ‘एफ्सा’ने, २०२१ मध्ये तपासणीचे निकष अधिक कडक केले होते. अर्कातील ज्ञात घटकांची एकेक करून आणि संपूर्ण मिश्रणाचीही जनुकीय हानीच्या दृष्टीने तपासणी त्यात अपेक्षित होती. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘एफ्सा’ने आठही अर्कांविषयीचे अहवाल प्रसिद्ध केले. आठांपैकी एकाही अर्काबाबत जनुकीय हानीची शक्यता नाकारता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. सहा अर्कांच्या बाबतीत ही भीती पुराव्याने पक्की झाली, तर उरलेल्या दोहोंच्या बाबतीत ती दूर करण्याइतका पुरावा नव्हता. दोष बेन्झोपायरीनचा नव्हता. धुराच्या अर्कातील फ्युरॅनोन व कॅटेकॉल या घटकांनी प्राण्यांच्या शरीरात जनुकीय हानी केल्याचे आढळले होते.

थोडक्यात, ओळखीच्या चोरासाठी दाराला कुलूप लावले गेले आणि अनोळखी चोर मागल्या दाराने आत शिरला. ज्याची चाचणी घ्यावी तेच सापडते, हा विषशास्त्रातील जुना अनुभव आहे. म्हणूनच पुन्हा तपासण्याची वेळ कायद्याने ठरवून देणे आवश्यक ठरते.

धुराची चव केवळ वरून दिली जाते अशा सूप, सॉस, वेफर्स यांसारख्या पदार्थांसाठी १ जुलै २०२६ आणि पारंपरिक धुरीला पर्याय म्हणून अर्क वापरला जातो अशा हॅम, मासे, चीज यांसाठी १ जुलै २०२९ अशी मुदत युरोपने ठरवून दिली. अर्थात याचा अर्थ खऱ्या धुरावर भाजलेले मांस निर्धोक ठरले असा मुळीच नाही. तो या निर्णयाचा विषयच नव्हता.

जिवाणूंची साक्ष

एखादे रसायन जनुकांना इजा करते की नाही, हे ठरवतात तरी कसे? या शास्त्राचा पाया १९७०च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्रयोगशाळेत ब्रूस एम्स यांनी घातला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले, परंतु त्यांच्या नावाची चाचणी आजही जगभर पहिली पायरी म्हणून वापरली जाते.

तिची युक्ती साधी आहे. सालमोनेला जिवाणूंचा एक वाण असा घेतात, की ज्याला जगण्यासाठी लागणारे हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही. हे जिवाणू हिस्टिडीन जवळजवळ नसलेल्या बशीत ठेवले तर ते वाढत नाहीत. संशयित रसायन घातल्यावर मात्र त्यांच्या जनुकात बदल झाला, तर काहींना ती हरवलेली क्षमता परत मिळते आणि बशीत त्यांच्या वसाहती उगवतात. त्या मोजल्या की रसायनाच्या उपद्रवक्षमतेचा अंदाज येतो. अनेक रसायने मुळात निरुपद्रवी असतात, पण यकृत त्यांचे रूपांतर करते तेव्हा घातक बनतात. म्हणून बशीत उंदराच्या यकृताचा अर्कही मिसळतात. ही सारी चाचणी दोन-तीन दिवसांत आणि तुलनेने अल्प खर्चात होते.

दुसरी चाचणी पेशींवर होते. गुणसूत्र तुटले तर त्याचा तुकडा पेशीकेंद्राबाहेर छोट्या केंद्राच्या रूपात उरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो. या दोन चाचण्यांत संशय आला, तर जिवंत प्राण्यांवर पुढील तपासणी केली जाते. त्यांतली एक ‘कॉमेट’ म्हणजे धूमकेतू या नावाने ओळखली जाते. पेशीतील डीएनए विद्युतक्षेत्रात ठेवला असता त्याचे तुटलेले धागे मागे ओढले जातात आणि धूमकेतूच्या शेपटीसारखी आकृती उमटते. प्राण्यांवरील या चाचणीची आंतरराष्ट्रीय नियमावली २०१४ मध्ये तयार झाली.

तिचा परिणाम लगेच दिसला. लिंबूवर्गीय व मसालेदार छटेसाठी वापरल्या जाणाऱ्या पेरिलाल्डिहाइड या स्वादद्रव्याने उंदरांच्या यकृतातील डीएनएला इजा होते, असा निष्कर्ष ‘एफ्सा’ने २०१५ मध्ये काढला आणि त्याच वर्षी युरोपच्या मान्य यादीतून त्याचे नाव वगळण्यात आले. हे रसायन एकटे नव्हते. सारख्या रचनेच्या एका गटाचे प्रतिनिधी म्हणून त्याची चाचणी घेण्यात आली होती. साहजिकच गटातील इतर द्रव्येही संशयाच्या फेऱ्यात आली.

ही गटाची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण स्वादद्रव्यांच्या नियमनाची सारी भिस्त तिच्यावर आहे. युरोपने २०१२ मध्ये मान्य स्वादद्रव्यांची यादी जाहीर केली, तेव्हा तीत २१०० हून अधिक नावे होती आणि सुमारे ४०० द्रव्ये मूल्यमापन होईपर्यंत वापरण्यास मुभा होती. इतक्या रसायनांपैकी प्रत्येकाची प्राण्यांवर दोन वर्षांची कर्करोग चाचणी घेणे शक्य नाही. खर्चाचा प्रश्न आहे, वेळेचा आहे आणि हजारो प्राण्यांच्या जिवाचाही आहे. शिवाय स्वादद्रव्य अत्यल्प वापरले जाते, जास्त झाले तर पदार्थ तोंडात धरवत नाही, हा उद्योगाचा युक्तिवादही रास्त आहे. म्हणून रचनेनुसार गट पाडायचे, प्रतिनिधी तपासायचा आणि शरीरात जाणारी मात्रा मोजायची, असा व्यवहारी मार्ग निघाला. तो चुकीचा नाही. पण प्रतिनिधी चुकला, तर साऱ्या गटाला चुकीचे प्रमाणपत्र मिळते, हे त्यातले न्यून आहे.

चाचणीच्या नजरेतून सुटलेले

चाचणीची मर्यादा सर्वाधिक ठळकपणे दाखवणारे उदाहरण मिथाइल युजेनॉलचे आहे. तुळशीच्या काही जाती, जायफळ, दगडफूल यांच्या सुवासाशी आपला परिचय असतो. त्यांपैकी तुळस व जायफळ यांच्या तेलात हे द्रव्य निसर्गतःच असते. कृत्रिमरीत्या बनवलेले मिथाइल युजेनॉल पूर्वी बेकरीचे पदार्थ, गोळ्या, आइस्क्रीम यांत वापरले जाई. जिवाणूंच्या नेहमीच्या चाचणीत ते बहुतेक वेळा निर्दोष ठरत आले. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात मोठ्या व लहान अशा दोन्ही जातींच्या उंदरांमध्ये त्यामुळे यकृताच्या गाठी झाल्याचा स्पष्ट पुरावा मिळाला.

मग पहिल्या चाचणीला ते दिसले का नाही? कारण शरीरात त्याचे रूपांतर दोन पायऱ्यांनी होते. यकृत प्रथम त्याला ऑक्सिजन जोडते, नंतर सल्फेटचा गट चिकटवते. या दुसऱ्या पायरीनंतर तयार होणारे रूप डीएनएला घट्ट चिकटते. प्रयोगशाळेतील यकृताच्या अर्कात पहिल्या पायरीची सामग्री असते, दुसरीची नसते. सॅफ्रोल आणि इस्ट्रागोल या त्याच्या भाऊबंदांचीही हीच कथा. परीक्षा झाली, पण प्रश्नपत्रिकेत नेमका तोच प्रश्न नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०२३ मधील बैठकीत तीन पदार्थांचे वर्गीकरण केले. त्यांपैकी अस्पार्टेम या साखरेच्या पर्यायाला ‘२-ब’ म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ हा दर्जा मिळाला आणि जगभर त्याचे मथळे झाले. त्याच बैठकीत मिथाइल युजेनॉलला ‘२-अ’ म्हणजे ‘बहुधा कर्करोगकारक’ असा एक पायरी वरचा दर्जा देण्यात आला, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. या द्रव्यामुळे डीएनएवर होणाऱ्या बदलांच्या खुणा मानवी यकृताच्या नमुन्यांतही आढळल्या आहेत, ही बाब त्या निर्णयात महत्त्वाची होती. अर्थात हे वर्गीकरण ‘एखादी वस्तू कर्करोग करू शकते का’ एवढेच सांगते. ‘किती खाल्ले तर किती धोका’ हे ते सांगत नाही. भीती पसरवणारे आणि ती उडवून लावणारे, असे दोघेही हा फरक सोयीस्करपणे विसरतात.

शून्य की मात्रा?

धोका मोजण्याचे दोन पंथ आहेत. पहिला अमेरिकी काँग्रेसचे सदस्य जेम्स डिलेनी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९५८ च्या कलमाचा. माणसात किंवा प्राण्यात कर्करोग घडवणारे कोणतेही द्रव्य अन्नात मिसळण्यास परवानगी द्यायची नाही. मात्रेचा प्रश्नच नाही, असे हे कलम सांगते. त्याच्या आधाराने पर्यावरण व ग्राहक संघटनांनी याचिका केली. तिच्यावर निर्णय देताना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०१८ मध्ये बेन्झोफेनोन, इथाइल अॅक्रिलेट, मिथाइल युजेनॉल, मायर्सिन, पुलेगोन व पिरिडिन या सहा कृत्रिम स्वादद्रव्यांची परवानगी काढून घेतली. स्टायरीन या सातव्या द्रव्याचा वापर उद्योगाने आधीच सोडून दिला होता. गंमत अशी, की हा निर्णय देतानाच ‘वापराच्या प्रत्यक्ष प्रमाणात या द्रव्यांपासून लोकांना धोका नाही’ असे प्रशासनाने सांगून टाकले. कायदा हात बांधतो म्हणून बंदी घालतो, असा त्याचा सूर होता. याच द्रव्यांचा निसर्गतः अंश असलेल्या पदार्थांना व अर्कांना या बंदीचा स्पर्श झाला नाही.

दुसरा पंथ मात्रेचा हिशेब करतो. प्राण्यांमधील कर्करोगाचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढवणारी मात्रा काढायची आणि माणसाच्या पोटात जाणारी मात्रा तिच्या दहा हजाराव्या हिश्शाहून कमी असेल, तर सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने चिंता कमी मानायची, असे ‘एफ्सा’ने २००५ मध्ये सुचवले. पण ही सवलत नकळत अन्नात येणाऱ्या अंशांसाठी आहे. जे जनुकांना इजा करते आणि कर्करोगही घडवते, ते मुद्दाम अन्नात मिसळू नये, हे तत्त्व तिथेही कायम आहे.

प्राण्यांना इतका मोठा डोस का देतात, माणूस एवढे खातो का, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर अंकगणितात आहे. अशा अभ्यासात एका गटात साधारणपणे ५० प्राणी असतात. लाखात एकाला होणारा आजार ५० प्राण्यांत कसा दिसणार? म्हणून मात्रा वाढवावी लागते. मुंबईसारख्या कोटीहून अधिक वस्तीच्या शहरात मात्र लाखात एक म्हणजे शंभराहून अधिक माणसे होतात.

जनुकीय हानीची चाचणी निर्णायक का ठरते, हे कौमारिनच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. टोंका बी आणि कॅशिया जातीच्या दालचिनीत असलेले हे सुगंधी द्रव्य अमेरिकेने १९५४ मध्येच अन्नातून हद्दपार केले होते. प्राण्यांत त्यामुळे यकृताला इजा व गाठी दिसल्या होत्या. पुढे ते डीएनएला चिकटत नाही असे अभ्यासातून दिसल्यावर ‘एफ्सा’ने २००४ मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम अशी ठरवून दिली. म्हणजे जनुकांना हात न लावणाऱ्या द्रव्याला सुरक्षित पातळी असू शकते, पण जनुकांना इजा करणाऱ्याला ती नेमून देता येत नाही. धुराच्या अर्कांबाबत युरोपला मधला मार्ग उरला नाही, तो यामुळेच.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

या साऱ्या चर्चेत शहरी ग्राहकाची एक ठाम समजूत कोसळून पडते. ती म्हणजे नैसर्गिक ते चांगले आणि कृत्रिम ते वाईट. डीएनएला मिथाइल युजेनॉलचा रेणू कारखान्यातून आला की तुळशीतून, याच्याशी देणेघेणे नसते. सॅफ्रोल हे सॅसाफ्रास झाडाच्या मुळाच्या सालीतून मिळणारे अस्सल नैसर्गिक द्रव्य आहे. अमेरिकेतील लोकप्रिय ‘रूट बिअर’ पेयाची चव त्यावर उभी होती. १९६० मध्ये त्यावर बंदी आली.

आपल्या घरातले उदाहरण वेखंडाचे आहे. वेखंडाच्या तेलातील बीटा-असारोन या द्रव्यामुळे उंदरांत कर्करोगाच्या गाठी झाल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड व त्याचे तेल अन्नात वापरण्यास मनाई केली. या वनस्पतीच्या उत्तर अमेरिकी जातीत बीटा-असारोन नसते, तर भारतात आढळणाऱ्या जातीत ते भरपूर असते. महाराष्ट्रातील घराघरांत बाळाच्या गुटीत हेच वेखंड सहाणेवर उगाळले जात आले आहे. भारतीय नियमांनुसार बीटा-असारोन स्वादद्रव्य म्हणून खाद्यपदार्थात घालता येत नाही. गुटीतले वेखंड मात्र त्या नियमाच्या कक्षेबाहेर राहते.

यावरून गुटीवर सरसकट आगपाखड करण्याची गरज नाही. आजीने दोन वेढ्यांचे तीन होऊ दिले नाहीत, यातही मात्रेचे भान होतेच. पण वेढ्यांचे भान म्हणजे चाचणी नव्हे. नवजात बाळाच्या यकृताची क्षमता प्रौढासारखी नसते, हे आज ठाऊक असताना वेखंडाचा प्रश्न बालरोगतज्ज्ञाला विचारणे, हे परंपरेचा अवमान ठरत नाही.

पाकिटावरची भाषा या गोंधळात भर घालते. भारतीय नियम स्वादद्रव्यांचे नैसर्गिक, निसर्गसदृश व कृत्रिम असे तीन वर्ग करतात. कृत्रिम असेल तर त्याचे प्रचलित नाव लिहावे लागते. नैसर्गिक व निसर्गसदृश द्रव्यांसाठी केवळ वर्गाचे नाव पुरते. परिणामी ‘निसर्गसदृश स्वादद्रव्य’ या दोन शब्दांमागे कोणते रसायन आहे, हे ग्राहकाला कळत नाही. ही वर्गवारी रेणू कुठून आला ते सांगते, तो तपासला आहे की नाही ते सांगत नाही. युरोपने २००८ च्या कायद्यात ‘निसर्गसदृश’ हा वर्गच काढून टाकला.

आपली यादी

भारताचे चित्र सर्वस्वी निराशाजनक आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये झाला आणि त्याखालचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. या नियमांत खाद्यपदार्थांत वापरू नयेत अशा स्वादद्रव्यांची यादी आहे. कौमारिन व डायहायड्रोकौमारिन, टोंका बी, बीटा-असारोन, सिनामिल अँथ्रानिलेट, इस्ट्रागोल, सॅफ्रोल व आयसोसॅफ्रोल, थुजोन यांची नावे तीत आहेत. अमेरिकेने २०१८ मध्ये ज्याची परवानगी काढली, ते मिथाइल युजेनॉलही युजेनिल मिथाइल ईथर या नावाने २०११ च्या भारतीय यादीत होते. म्हणजे या एका बाबतीत तरी आपण अमेरिकेच्या सात वर्षे पुढे होतो.

पण याच यादीत पुलेगोन, मायर्सिन, पिरिडिन, बेन्झोफेनोन, इथाइल अॅक्रिलेट यांची नावे नव्हती. पेरिलाल्डिहाइडचे नव्हते. त्यांच्याविषयीचा पुरावा पुढल्या काळात वाढत गेला. प्रश्न असा, की असा पुरावा आल्यावर यादी उघडून पाहण्याची जबाबदारी कुणावर आणि किती दिवसांत? कायद्यातच खाद्यसंयोजके व स्वादद्रव्ये यांसाठी शास्त्रीय तज्ज्ञ मंडळाची तरतूद आहे. मंडळ आहे, पण युरोपातील दहा वर्षांच्या मुदतीसारखी घंटा नाही.

घंटा नसली की काय होते, ते पोटॅशियम ब्रोमेटने दाखवून दिले. पावाचे पीठ सुधारण्यासाठी वापरले जाणारे हे द्रव्य स्वादासाठी नसले, तरी धडा तोच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९९ मध्ये ते ‘कदाचित कर्करोगकारक’ असल्याचे पुन्हा नमूद केले. श्रीलंकेने २००१ मध्ये व चीनने २००५ मध्ये त्याला मनाई केली. भारतात मे २०१६ मध्ये दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने पावाच्या नमुन्यांचा अहवाल जाहीर केला आणि पुढच्याच महिन्यात हे द्रव्य परवानगीच्या यादीतून वगळण्यात आले. जे काम महिन्याभरात होऊ शकले, त्यासाठी इतकी वर्षे थांबावे लागले, कारण फेरतपासणीची तारीख ठरलेली नव्हती. स्वयंसेवी संस्थेचा अहवाल आणि वृत्तपत्रांचे मथळे ही नियमनाची जागा घेऊ शकत नाहीत.

मुदतीची गरज

यापुढे काय व्हावे? पहिली गोष्ट म्हणजे स्वादद्रव्यांच्या परवानगीला मुदत असावी. ती दहा वर्षांची असो वा पंधरा, पण मुदत संपताना त्या वेळच्या उत्तम चाचण्यांचे निकाल सादर करण्याचा भार उत्पादकावर असावा. एम्स चाचणी १९७०च्या दशकातली, कॉमेट चाचणीची नियमावली २०१४ ची. मोजपट्टी बदलत असताना जुने मोजमाप कायमचे मानण्यात शहाणपण नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे या चाचण्यांचे निकाल लोकांसमोर यावेत. ‘एफ्सा’चे अहवाल कुणालाही वाचता येतात, म्हणूनच आठ अर्कांविषयीचा वाद पुराव्यावर झाला, अफवांवर नाही. व्यापारी गुपित पाककृतीचे असू शकते, डीएनएवरील परिणामाचे असू शकत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या ताटाची आहे. युरोपातील माणूस किती वेफर्स खातो, यावरून काढलेली मात्रा आपल्याला जशीच्या तशी लावता येणार नाही. आपल्या रोजच्या आहारात मसाल्यांतून सॅफ्रोल, इस्ट्रागोल, मिथाइल युजेनॉल यांचे अंश निसर्गतःच येतात. त्यावर पाकीटबंद पदार्थांची भर किती पडते, ती मुलांच्या वजनाच्या हिशेबात किती होते, हे इथल्या आहारावरूनच मोजले पाहिजे. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था, लखनौची भारतीय विषशास्त्र संशोधन संस्था आणि म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था यांसारख्या संस्था असताना हे काम परदेशावर सोडून देण्याचे कारण नाही.

लहान उत्पादकांना हा भार पेलणार नाही, ही तक्रार होईल आणि ती खोटी नाही. पण स्वादद्रव्ये बनवणारा आणि ती वापरणारा हे बहुधा वेगळे असतात. चाचणीचा खर्च रसायन बनवणाऱ्यावर टाकावा, फरसाण तळणाऱ्यावर नव्हे. सारख्या रचनेच्या गटासाठी एकत्रित चाचणी करण्याची मुभा दिली, तर तो खर्चही विभागला जाईल.

ग्राहकाने तोवर काय करावे? घाबरून जाण्यासारखे काही नाही आणि निर्धास्त राहण्यासारखेही नाही. घरच्या फोडणीतले मसाले पिढ्यान् पिढ्या थोड्या मात्रेत वापरले गेले आहेत. त्यांचा शुद्ध केलेला, तीव्र अर्क ही वेगळी वस्तू आहे. तेव्हा ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून अशी तेले चमच्याने घेऊ नयेत, लहान मुलांच्या रोजच्या खाण्यातील स्वादयुक्त पाकिटांची संख्या कमी ठेवावी, एवढी सावधगिरी पुरेशी आहे. बाकीचे काम ग्राहकाचे नाही. पाकिटातील प्रत्येक रेणूची चौकशी घरोघरी होऊ शकत नाही, म्हणून तर कायदा आणि प्राधिकरण असते.

दुधाच्या पिशवीवर आणि पावाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. ती उलटली की पदार्थ फेकून द्यायचा, हे आता शाळकरी मुलालाही कळते. त्याच पदार्थात घातलेल्या रसायनाच्या परवानगीवर मात्र कोणतीही तारीख नाही. युरोपने आठ अर्क बाद केले, ते अधिक भित्रे आहेत म्हणून नव्हे, तर त्यांच्या परवान्यावर ती तारीख होती म्हणून.